कारभारी

आमची आजी आजोबांना 'कारभारी' म्हणत असे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हा तेव्हाचा रिवाज, आणि नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांनी त्यातून काढलेली ही नामी वाट. "कारभारी, भाकर निवतीय!" अशी हाक उंबऱ्यातून गेली, की ओट्यावर गप्पा छाटीत बसलेले तीन-चार कारभारी एकदम उठू लागत, आणि मग आवाज ओळखून बाकीचे परत बूड टेकीत. आजोबांचा कारभार तो केवढा! अडीच एकर कोरडवाहू रान, एक बैल, आणि दुसऱ्या बैलासाठी शेजाऱ्याशी केलेली सावड. पण आजीच्या हाकेत असा काही रुबाब असे, की ऐकणाऱ्याला वाटावे, वाड्यावरच्या दिवाणजींनाच बोलावणे आले आहे.

पुष्कळ बायका नवऱ्याला 'मालक' म्हणत. आजी तसे कधी म्हणाली नाही. कुणी छेडलेच तर आढ्याकडे बोट करून म्हणे, "मालक त्यो वरचा. ह्यो कारभारी." हे ती उपदेश म्हणून सांगत नसे. सात-बाराचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते सांगावे, तितक्या सहजपणे सांगे.

आम्ही नेवासे तालुक्यातले ख्रिस्ती. तीन पिढ्यांपूर्वी घराण्याने धर्म बदलला. भाकरी, बोली आणि भावकीची भांडणे होती तीच राहिली. आमच्या वस्तीच्या टोकाला एक कौलारू देऊळ होते. पुस्तकात त्याला चर्च म्हणत असतील. आम्ही देऊळच म्हणत असू. आत बाक नव्हते. सतरंजीवर एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मधून पाळकसाहेबांना जायला चिंचोळी वाट. भजने टाळ-पेटीवर होत. रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला आत कसला सप्ताह चालला आहे, हे शब्द कानावर पडेपर्यंत कळत नसे.

एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनाला लूकच्या शुभवर्तमानातला अन्यायी कारभाऱ्याचा दृष्टान्त घेतला. एका धनिकाचा कारभारी. मालमत्ता उधळतो म्हणून त्याच्यावर आळ आला, आणि मालकाने हिशेब मागितला. तेव्हा त्याने मालकाच्या कुळांना एकेक करून बोलावले आणि ज्याच्या-त्याच्या कर्जखतावरचा आकडा कमी करून टाकला, की नोकरी गेली तरी दारे बंद होऊ नयेत. पाळकसाहेब 'कारभारी' हा शब्द उच्चारीत, आणि प्रत्येक वेळी बायकांच्या अंगाला खसखस पिके. पुरुष माना खाली घालून सतरंजीचे धागे मोजू लागले. पाळकसाहेबांना आधी उमगेना. उमगले तेव्हा तेही हसले, आणि पुढचे प्रवचन जरा आवरते घेतले. त्यांची पत्नीही त्यांना कारभारीच म्हणत असे.

हसण्यावारी गेले, पण तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. ख्रिस्ती धर्माच्या साऱ्या शिकवणुकीत माझ्या लेखी सर्वांत अवघड गोष्ट कुठली, असे कुणी विचारले तर मी म्हणेन: हे कारभारीपण. प्रार्थना करता येते, उपवास करता येतो, दुसऱ्याला क्षमाही कधीमधी करता येते. पण आपल्या हातात आहे ते आपले नव्हे, सांभाळायला दिलेले आहे, आणि एक दिवस त्याचा हिशेब द्यायचा आहे, ही जाणीव ठेवून सकाळी पेटीचे कुलूप उघडणे आणि संध्याकाळी लावणे, हे काम रोजचे आहे. त्याला सुट्टी नाही.

'शिष्य' या शब्दाचेही असेच. मराठी कानाला शिष्य म्हटले की गुरूचे पाय चेपणारा, लाकडाची मोळी वाहणारा पोरगा डोळ्यांपुढे येतो. येशूने मात्र शेवटच्या रात्री कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचेच पाय धुतले. बाराजणांत कोळी होते, एक जकातदार होता; आणि थैली ज्याच्याकडे होती तो यहूदा. माझे वडील आमच्या मंडळीचे खजिनदार होते. (मंडळी म्हणजे देवळाशी बांधलेला सारा समाज, हा आमच्यातला शब्द.) कुणी त्यांचे अभिनंदन केले, की ते म्हणत, "पहिला खजिनदार कोण होता ते आठवा, आणि माझ्यासाठी प्रार्थना करा."

ते सांभाळीत तो खजिना म्हणजे काय, हे सांगायचे तर मुठीच्या धान्याची गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडे घरोघरी चुलीजवळ एक लहान गाडगे असे. बाई दळायला बसली, की सुपातून आधी एक मूठ काढून त्या गाडग्यात टाकायची. बाजरी असेल तर बाजरी, ज्वारी असेल तर ज्वारी. रविवारी ते पदराखाली झाकून देवळात आणायचे आणि उपासनेत टोपलीत ओतायचे. झाकून अशासाठी, की कुणाचे किती हे दिसू नये. येशूने भांडारासमोर बसून, श्रीमंतांच्या देणग्यांहून विधवेच्या दोन दमड्या मोठ्या ठरवल्या, ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आणि तरीही शेजारणीचे गाडगे किती भरले आहे हे पाहण्याचा मोह कुणालाच आवरत नसे. म्हणून पदर. उपासना संपल्यावर वडील पायलीने, अधोलीने माप घेत आणि वहीत मांडीत. ते धान्य देवळामागच्या खोलीतल्या कणगीत जाई, आणि पाळकसाहेबांच्या पगाराचा मोठा भाग त्यातून निघे.

हे वाचून कुणाला माधुकरी आठवेल, कुणाला हरिनाम सप्ताहासाठी दारोदार गोळा होणारी धान्याची पाटी. आठवावीच. आमचा तालुका ज्ञानेश्वरांचा. प्रवरेच्या काठी नेवाशाला, ज्या खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात, त्या खांबाच्या दर्शनाला आमच्यातलेही लोक पाहुण्यांना घेऊन जातात. देणाऱ्याच्या हाताला धर्म चिकटतो तो नंतर; मूठ आधीची आहे.

परंतु आमच्या मुठीला आणखी एक इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. १८४२ साली नगरहूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. १८५० च्या दशकात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि नगरच्या मंडळ्यांना आपले मराठी पाळक लाभले. पण पाळक आपला झाला तरी त्याचा पगार बोस्टनहून येत होता. ज्याच्या हातून पगार, त्याच्या हातात किल्ली, हे कुळकर्ण्यापासून कलेक्टरापर्यंत कुणालाही सांगायला नको. पाळक खरोखर आपला व्हायचा तर त्याला आपण पोसला पाहिजे. आणि पोसणार कोण? आमच्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले. गावकीची कामे करावीत आणि सुगीत दुसऱ्याच्या खळ्यावर बलुत्याची पेंढी मिळेल तेव्हा पदर पसरावा, असे ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जिणे. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे माझ्या जन्माच्या चार वर्षे आधी.

आयुष्यभर ज्याने घेण्यासाठीच हात पसरला, त्याने द्यायला मूठ उघडणे, यात काय घडते ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. आजीला विचारले असते तर ती म्हणाली असती, "काय घडतंय? कणगी भरती." पण मी तिला टोपलीपुढे उभी राहिलेली पाहिली आहे. त्या वेळी ती ताठ उभी राही. एरवी तिला कमरेतून वाकायची सवय होती.

सुगी झाली, की हंगामाची उपासना. तो आमचा खरा सण. नाताळाला नवी लुगडी असत, पण गंमत हंगामाला. त्या दिवशी मुठीवर भागत नसे. कुणी भोपळा आणी, कुणी शेंगांची पाटी, कुणी अंडी, कुणी पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली, की देवळाच्या अंगणात या साऱ्याचा लिलाव. ज्याचा भोपळा त्यानेच बोली चढवून दुप्पट भावाला परत घ्यायचा, असे चाले. एकदा एका म्हाताऱ्याने आपलाच कोंबडा तीनदा विकत घेतला. प्रत्येक वेळी पैसे भरून पुन्हा लिलावात ठेवी. चौथ्या वेळी त्याच्या बायकोने कोंबडा काखोटीला मारला आणि सरळ घर गाठले. लिलावाला वाणी येई, तेली येई, मराठ्यांची पोरे येत. दिवाळीत त्यांच्या घरून आलेल्या करंज्यांचे ताट आमच्याकडून रिकामे कधी गेले नाही, तसे या लिलावातून तेही रिकाम्या हातांनी गेले नाहीत.

लिलावाचे पैसे जात पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलपे दोन. एकाची किल्ली वडिलांकडे, दुसऱ्याची मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पंचाकडे. दोघे असल्याखेरीज पेटी उघडायची नाही. कणगीच्या खोलीलाही अशीच दोन कुलपे. आमच्यापासून फार लांब नाही ते शिंगणापूर, जिथे शनिदेवाच्या भरवशावर घरांना दारेसुद्धा नाहीत म्हणून देशभर नाव झाले. वडिलांना कुणी त्यावरून टोमणा मारला, की "शनीच्या गावाला कुलूप नाही, आणि येशूच्या देवळाला दोन?", तर ते शांतपणे म्हणत, "कुलूप चोरासाठी नाही. कुलूप खजिनदारासाठी आहे."

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. खडी फोडायची कामे, पाझर तलावांवरची रांग, सुकडी, आणि तो अमेरिकेचा लाल मिलो, ज्याची भाकरी थापताना आजीच्या डोळ्यांत पाणी येई. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमच्या कणगीत आदल्या बऱ्या वर्षाची अशी दोन पोती बाजरी शिल्लक होती.

एके संध्याकाळी सात-आठ बायका वडिलांकडे आल्या, पुढे आजी. म्हणणे एवढेच, की कणगी उघडा आणि वस्तीत ज्यांची चूल बंद आहे त्यांना वाटा. मंडळीतले असोत, नसोत.

वडील म्हणाले, "वहीत लिहिलंय, हे धान्य पाळकांच्या पगाराचं. दुसऱ्या कामाला लावायचा मला अधिकार नाही."

"मूठ आमची," एक बाई म्हणाली.

"टोपलीत पडेपर्यंत तुमची. नंतर नाही."

"मंग कुणाची?" आजीने विचारले.

वडील गप्प. आजीने दम धरला, आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मालक इचारील, माझी माणसं उपाशी व्हती तवा कणगी भरलेली कशी? तवा तू त्येला वही दाखवशील?"

वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, "आये, आज वही बाजूला ठेवली, तर उद्या दुसरा कुणी यापरीस वाईट कामासाठी बाजूला ठेवील. तवा तुम्ही काय दाखवाल?"

या दोघांपैकी कोण बरोबर, याचा विचार मी पुढे पन्नास वर्षे केला आहे. लोकांना वाटते, आजी बरोबर आणि वडील कागदाचे किडे. मला तसे वाटत नाही. भुकेल्याला वाटले पाहिजे, हे समजायला मोठी अक्कल लागत नाही. पण वाटणाऱ्याचे हात बांधलेले असले पाहिजेत, हे समजायला लागते.

पाळकसाहेब तिथेच होते आणि त्यांची स्थिती सर्वांत कठीण. धान्य त्यांच्या पगाराचे. वाटा म्हणावे, तर मंडळीला भिडेत पाडल्यासारखे. नको म्हणावे, तर तोंड दाखवायला जागा नाही. ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या पाळकीणबाई. "आमचं काय ते आम्ही बघू," एवढेच म्हणाल्या.

मग वडिलांनी वही मागवली. कंदिलाच्या उजेडात ठराव लिहिला, मोठ्याने वाचला, आणि हजर असलेल्या प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेतला. आजीचा अंगठा पहिला. एवढे होऊनही कणगी उघडेना. कारण दुसरी किल्ली ज्यांच्याकडे, ते पंच खडीच्या कामावर गेलेले. रात्री उशिरा ते आले, तोवर सगळे देवळाच्या अंगणात बसून. बायकांनी भजन धरले. दोन्ही कुलपे निघाली, आणि वडिलांनी माप घालायला सुरुवात केली. कुणाच्या घरात खाणारी तोंडे किती, ते विचारून तेवढी अधोली. नाव लिहायचे आणि पुढे शेरा, 'परत घेणे नाही.' पहाटेपर्यंत पोती रिकामी झाली.

पाळकसाहेब दुसऱ्या आठवड्यापासून दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जाऊ लागले. रविवारी उपासना चुकली नाही. पुढे पाऊस झाला, सुगी झाली. ज्यांची नावे त्या पानावर होती त्यांतले मंडळीबाहेरचे दोघेजण हंगामाच्या दिवशी बाजरीच्या पाट्या घेऊन आले. वडिलांनी त्यांना वही उघडून शेरा दाखवला. ते म्हणाले, "आम्हाला वाचाया येत न्हाई," आणि पाट्या टोपलीत ओतून निघून गेले.

घरच्या गोष्टीवरून थोडे बाहेर जाते. मराठी साहित्यातली सर्वांत नामांकित कारभारीणही आमच्याच जिल्ह्यात नांदली. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे बिऱ्हाड नगरला, राहुरीला असे. टिळक कवी आणि हाताचे उदार. दारी आला तो पाहुणा, आणि घरात अनाथ लेकरे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो. पण हे सारे निभावून नेताना त्या बाईच्या जिवाची काय ओढाताण झाली असेल, ते ज्याने दुसऱ्याच्या उदारपणाचा संसार केला आहे त्यालाच कळेल. टिळकांनी 'ख्रिस्तायन' अपुरे ठेवले, तेही पुढे तिनेच पूर्ण केले.

आमच्या तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनचा दवाखाना. आजूबाजूच्या खेड्यांना तो मोठा आधार. १९६२ ते १९६६ या काळात तिथे एक तरुण डॉक्टर जोडपे काम करीत असे: रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्नातच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य वेचायचे ठरवले होते. दवाखाना चांगला चालला होता. पण आज बरे करून पाठवलेले मूल दोन महिन्यांनी त्याच जुलाबाने परत यायचे. आजार दवाखान्यात नव्हता. तो आडात होता, उपासमारीत होता, शिवाशिवीत होता. हे ध्यानात आल्यावर ते शिकायला अमेरिकेला गेले, आणि १९७० साली परतून जामखेडला गेले. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, कायम दुष्काळाचा तालुका.

जामखेड तालुक्यातच चोंडी, अहिल्याबाईंचे जन्मगाव. २०२४ साली जिल्ह्याचे नाव त्यांच्या नावावरून अहिल्यानगर झाले. माझ्या तोंडात अजून नगरच येते. होळकरांच्या राज्याचा कारभार त्या शंकराच्या नावाने चालवीत. हुकुमावर त्यांच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' असे. राज्य देवाचे, आपण कारभारीण. आजीला हे ठाऊक नव्हते, पण तिला ते ऐकून नवल वाटले नसते.

आरोळे पतिपत्नींनी आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. त्या बाहेरच्या, गावात एकट्या, आणि गावाचे मन त्यांच्यापाशी उघडेना. मग त्यांनी गावांनाच सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडा. निवडून आल्या त्यांत बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्त्यांतल्या. आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, आणि परत जाऊन गावाला शिकवायचे. बाळंतपण कसे करावे, जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे पाजावे, क्षय कसा ओळखावा. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी घेतल्या, तेव्हा त्या होता होईल तो दलित वस्तीतच पाडल्या; म्हणजे पाण्याला सगळ्या गावाने तिथे यायचे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९३ साली तो आकडा १९ वर आला होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली.

लोक आकड्यांचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. डॉक्टरकी ही डॉक्टरांची कणगी. पुष्कळ वर्षे, पुष्कळ पैसा घालून भरलेली. तिची किल्ली या दोघांनी अंगठेबहाद्दर बायकांच्या हातात दिली, आणि तीही आपण हयात असताना, धडधाकट असताना. धनिकाने सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट शुभवर्तमानात आहे. त्याने चोरी केली नव्हती. होते ते जसेच्या तसे परत दिले होते. तरी मालक त्याच्यावरच रागावला. ज्ञान पुरून ठेवणाऱ्यांना आपल्याकडे विद्वान म्हणतात.

नगरला मात्र या बाबतीत जुनी परंपरा आहे. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८३९ पासून १८६२ साली मरेपर्यंत नगरला मुलींना शिकवीत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचे सांगतात. शाळेची फी कुणी भरली असेल ती असो. त्या किल्लीने उघडलेली दारे मोजता येत नाहीत.

पैशाची आणि जागेची किल्ली सोडणे मात्र सगळ्यांनाच जड गेले. मिशनची हयात संपत आली तरी मोठे निर्णय परक्या हातांत राहिले. पुढे ते आमच्या हातांत आले. १९७० साली उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. संस्था, विश्वस्त, घटना, सारे आपले. आणि आता आम्ही कसे कारभारी आहोत?

हे लिहिताना लेखणी जरा अडखळते. मिशनने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गावाबाहेर घेतलेल्या जागा आता शहरांच्या मध्यावर आल्या. कधी काळी जिथे बोर्डिंगची पोरे वांगी लावीत, तिथल्या चौरस फुटाचा भाव ऐकून कानठळ्या बसतात. आणि मंडळीच्या निवडणुका, ज्यांना एके काळी माणूस मिळत नसे, त्या आता पॅनेल पाडून लढल्या जातात. मी एक सभा पाहिली, कुठली ते सांगत नाही, जिथे जमिनीच्या ठरावावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांवर धावून गेले, आणि मागे भिंतीवर चांगला मेंढपाळ कोकरू खांद्यावर घेऊन शांतपणे उभा होता. मूठभर बाजरी होती तेव्हा दोन कुलपे होती. कोट्यवधीची जागा आली, तेव्हा किल्ली कुणाकडे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

सगळीकडे असेच आहे असे नाही. मी नोकरीनिमित्त नगरला आले ती इथलीच झाले. आमच्या मंडळीत आता गाडगी नाहीत. दळण गिरणीतून येते, मूठ काढायची कशातून? अर्पणाच्या थैलीशेजारी क्यूआर कोडाचा फलक उभा असतो. तरुण मुले मोबाइल पुढे करतात, 'टिंग' असा आवाज होतो, आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका मागे वळून पाहतात. पदराखाली झाकायची सोय गेली. पण हंगामाचा लिलाव होतो. यंदा कारल्यांची एक पिशवी सव्वाशे रुपयांना गेली, आणि घेणारा गृहस्थ मधुमेही नव्हता.

गेल्या वार्षिक सभेत आमच्या मंडळीची रस्त्याकडेची जागा दुकानांसाठी भाड्याने द्यावी, असा विषय होता. हिशेबाची छापील पत्रके वाटली होती, आणि 'वाचले असे समजावे' म्हणून अध्यक्ष पुढे सरकत होते. तेव्हा महिला मंडळातल्या एक निवृत्त परिचारिका उठल्या. चष्मा घरी राहिला आहे, म्हणाल्या, मोठ्याने वाचा. अध्यक्ष म्हणाले, पत्रक घरी नेऊन वाचा. त्या खाली बसेनात. मग दुसरी उठली, तिचाही चष्मा घरी राहिला होता. तिसरीच्या तर डोळ्यांवर चष्मा होता, तरी ती म्हणाली, माझाही.

खजिनदार तरुण आहे, बँकेत काम करतो, चांगला मुलगा. त्याने घाम पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. वीजबिल, चुन्याचा रंग, गरीब विद्यार्थ्यांचा निधी, कब्रस्तानाची भिंत. एका आकड्यापाशी तीन ठिकाणांहून प्रश्न आले. त्याला कपाटातून पावत्यांची फाइल काढावी लागली. कपाटाची किल्ली सापडायला दहा मिनिटे गेली. दोन तास वाचन चालले, आणि दुकानांचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. चहा तोवर गार झाला होता. तो पुन्हा गरम करायला बायका उठल्या, तेव्हा खजिनदार फाइल हातात घेऊन त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. राहिलेले एक पान त्याला वाचून दाखवायचे होते.